केटामाइन : औषध आणि नशा

शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्यासाठी वापरले जाणारे केटामाइन १९६२ साली कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी अमेरिकेतील पार्क-डेव्हिस कंपनीसाठी तयार केले. १९७० मध्ये त्याला तेथे मान्यता मिळाली. श्वसन व रक्तदाब फारसे न घटवता वेदना शमवणारे हे औषध साधनांची टंचाई असलेल्या रुग्णालयांना आजही उपयुक्त ठरते. मात्र ही सुरक्षितता मोजलेल्या मात्रेवर आणि भूलतज्ज्ञाच्या देखरेखीवर अवलंबून असते. नशेसाठी पूड नाकाने ओढणाऱ्याकडे यांपैकी काहीच नसते.

तात्कालिक परिणाम

केटामाइन मेंदूतील एनएमडीए ग्राहींचे कार्य रोखते. त्यामुळे आपण शरीरापासून विलग झाल्याचा भास होतो आणि काळाचे व अंतराचे भान सुटते. मात्रा वाढल्यास हालचाल व बोलणे जवळजवळ थांबते. या अवस्थेला व्यसनी 'के-होल' म्हणतात. वेदना जाणवत नसल्याने पडणे, भाजणे, बुडणे असे अपघात घडतात. मद्य किंवा अफूजन्य पदार्थांसोबत घेतल्यास श्वसन बंद पडू शकते. अमेरिकी अभिनेते मॅथ्यू पेरी यांच्या २०२३ मधील मृत्यूचे मुख्य कारण केटामाइनचा तीव्र परिणाम हे होते. बुडणे हे सहायक कारण ठरले.

मूत्राशयाची हानी

दीर्घकाळ सेवन करणाऱ्यांच्या मूत्राशयाचे अस्तर सुजते व त्यावर व्रण पडतात. २००७ पासून वैद्यकीय नियतकालिकांत याची नोंद होऊ लागली. वारंवार लघवी, जळजळ, रक्त पडणे ही लक्षणे. पुढे मूत्राशय आक्रसतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. क्वचित मूत्राशय काढावा लागतो. ही वेदना केटामाइननेच तात्पुरती शमते, म्हणून रुग्ण पुन्हा तेच घेतो आणि आजार बळावतो. लक्षणे दिसताच सेवन थांबवल्यास अनेकांची प्रकृती सुधारते. स्मरणशक्ती, यकृत व पित्तनलिका यांवरही दुष्परिणाम होतात.

कायदा आणि उपचार

भारतात २०११ मध्ये केटामाइनचा समावेश अमली पदार्थविरोधी कायद्याखालील मनोप्रभावी पदार्थांत झाला. २०१३ मध्ये ते औषध नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत आले. नैराश्यावर त्यातील एका घटकाचा, एस्केटामाइनचा, नाकात मारायचा फवारा अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झाला. तोही दवाखान्यातील निगराणीखालीच घ्यावा लागतो.

सेवनाची सवय असलेल्या व्यक्तीला लघवीचा त्रास सुरू झाल्यास तिने ती बाब डॉक्टरांपासून लपवू नये. अन्यथा साधा जंतुसंसर्ग समजून उपचार होतात आणि मूळ कारण तसेच राहते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे.