बैलगाडीने आलेल्या मुलाचा विमानतळ

मागच्या भागानंतर बंगळुरूहून एका दर्शकाने विचारलं, "कर्नलसाहेब, रायपूर ते कोलकाता अंतर नेमकं किती? नकाशात एक दिसतं, रेल्वे दुसरंच सांगते."

विमानाच्या सरळ रेषेत साधारण ७१० किलोमीटर, उड्डाण दीड तासाच्या आसपास. रेल्वेने ८३० च्या जवळपास. झालं उत्तर. पण आमच्या विमानतळाला २०१२ मध्ये ज्यांचं नाव दिलं, ते स्वामी विवेकानंद १८७७ साली इथे कसे आले, ते ऐका.

तेव्हा ते चौदा वर्षांचे नरेंद्र होते. वडील विश्वनाथ दत्त वकिलीच्या कामासाठी रायपुरात होते, म्हणून कुटुंब कलकत्त्याहून निघालं. रायपूरला रेल्वे नव्हतीच. चरित्रकार लिहितात की अलाहाबाद, जबलपूरवरून नागपूर, आणि पुढे पंधरवड्याहून जास्त बैलगाडी. आता नकाशा उघडा. जबलपूरहून नागपूरला त्या काळी रेल्वेने यायचं तर इटारसी, खंडवा, भुसावळ असा वळसा होता. म्हणजे पूर्वेकडून निघालेला मुलगा आधी रायपूरच्या कितीतरी पश्चिमेला जाणार आणि मग उलटा पूर्वेकडे येणार! दोन हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास.

पंधरवड्याचा हिशेब मी फौजी सवयीने ताडून पाहिला. नागपूर ते रायपूर २९० किलोमीटरच्या आसपास. लादलेली बैलगाडी दिवसाला वीसेक किलोमीटर जाते. चौदा-पंधरा दिवस, वर नदीनाल्यांवरचा एखाद-दुसरा मुक्काम. बरोबर बसतं. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर भोसल्यांची फौज घेऊन छत्तीसगडात आले, त्यांच्या बाजारबुणग्यांचा वेगही याहून फारसा वेगळा नसणार. मधल्या १३६ वर्षांत बैल काही वेगाने चालायला लागले नव्हते.

फरक पडला तो रुळांनी. मुंबईकडून रेल्वे १८६७ ला नागपुरात पोहोचली होती. १८८७ मध्ये बेंगॉल नागपूर रेल्वे स्थापन झाली, आणि १९०० पर्यंत हावडा-नागपूर थेट जोडलं गेलं. तो भुसावळचा वळसा एकदम गेला. विमानाने वेळ वाचवला हे खरंच, पण रायपूर आणि कलकत्ता खऱ्या अर्थाने शेजारी आणले ते या मार्गाने, असं माझं मत.

त्याच मार्गाने मी १९९० च्या दशकात एकदा आलो. आसामात होतो. वडील गेल्याची तार आली तेव्हा अंत्यविधी होऊनही गेला होता. गुवाहाटीहून हावडा, हावड्याहून रायपूर, रिझर्वेशन नाही, दाराजवळ ट्रंकेवर बसून. गाडी ओडिशातून जात असताना मी घड्याळ काढून खिशात ठेवलं. चौथ्या दिवशी पहाटे रायपूर स्टेशनवर उतरलो. धाकटा भाऊ मुंडण केलेला, फाटकाजवळ उभा होता. म्हणाला, "दादा, अस्थी तुझ्यासाठी ठेवल्यात."