उसनें अवसान

पूर्वीच्या तालमींत खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम आणि फार तर थंडाई, असा साधा हिशेब असे. आज व्यायामशाळेच्या दाराशींच चूर्णांचे डबे मांडलेले दिसतात, आणि त्यांपैकीं कित्येकांचें वचन पोषणाचें नसून चेतविण्याचें असतें. कसरतीपूर्वीं पाण्यांत ढवळून प्यावें म्हणजे थकवा पळेल व मन एकाग्र होईल, असें त्यांवर छापलेलें असतें. परंतु पोषक आणि उत्तेजक या दोन वस्तु मुळांतच भिन्न आहेत. पहिलीनें शरीराच्या गांठीं कांहीं पडतें. दुसरीनें गांठीं असलेलेंच घाईघाईनें खर्च होतें. हा भेद ज्या इतिहासानें अनेकांस फार महाग शिकविला, त्याकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें.

या इतिहासाच्या आरंभीं एक पानें नसल्यासारखें दिसणारें, काड्याकाड्यांचें झुडूप आहे. चिनी वैद्य त्यास 'माहुआंग' म्हणतात, व खोकला, पडसें आणि दमा यांवर त्याचा काढा ते फार प्राचीन काळापासून देत आले आहेत. त्याच कुळांतील काड्या पारशी लोक आपल्या धर्मविधींत 'होम' म्हणून कुटतात. इ. स. १८८५ मध्यें नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञानें माहुआंगांतून एफेड्रिन हें सत्त्व वेगळें काढलें. आणि १९२४ सालीं पेकिंग येथील वैद्यक महाविद्यालयांतील चेन व श्मिट या दोघांनीं त्याचे गुणधर्म प्रसिद्ध केल्यावर पाश्चात्त्य डॉक्टरांनीं तें दम्यावर योजण्यास प्रारंभ केला. मज्जातंतूंच्या टोकांशीं सांठलेलें नॉरअॅड्रिनॅलिन तें बाहेर सोडावयास लावतें, व स्वतःहि तशीच क्रिया करतें. त्यामुळें श्वासनलिका सैल होतात. पण त्याबरोबरच नाडी जलद होते, रक्तदाब चढतो आणि शरीराची उष्णता वाढते. दमेकऱ्यास डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हा सौदा परवडतो. निरोगी मनुष्यानें तोच भर उन्हांत, धांवतां धांवतां केला तर?

हा प्रश्न अमेरिकेंत प्रत्यक्षांत उतरला. १९९४ सालीं तेथें भरलेल्या विश्वचषक फुटबॉल सामन्यांतून माराडोना या विख्यात खेळाडूस, त्याच्या मूत्रांत एफेड्रिन सांपडल्यावरून, बाहेर पडावें लागलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्याच देशानें पूरक आहाराविषयीं नवा कायदा केला. त्यानें वनस्पतिजन्य पूरकें औषधांच्या पंगतींतून उठवून अन्नाच्या पंगतींत बसविलीं. विक्रीपूर्वीं सरकारची मान्यता घेण्याचें बंधन उरलें नाहीं, आणि वस्तु घातक आहे हें दाखविण्याचा भार सरकारच्याच माथीं आला. मग माहुआंग व कॅफीन एकत्र केलेल्या गोळ्या मेद झडविण्यासाठीं आणि जोम आणण्यासाठीं खपूं लागल्या. १९९७ सालीं एका मात्रेंत ८ मिलिग्रॅमांहून कमीच एफेड्रिन असावें अशी सूचना सरकारी खात्यानें मांडली. पण पुराव्यावर आक्षेप निघाल्यानें २००० सालीं ती मागें घ्यावी लागली.

फेब्रुवारी २००३ मध्यें स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा बेसबॉलपटु फ्लॉरिडांत सराव करीत असतां उष्माघातानें कोसळला व दुसऱ्या दिवशीं वारला. शवपरीक्षा करणाऱ्या अधिकाऱ्यानें त्याच्या मृत्यूंत माहुआंगाच्या गोळ्यांचाहि हात असल्याचें सांगितलें. त्याचें वजन अधिक होतें, रक्तदाबाचा विकार होता आणि अन्नहि त्यानें पुरेसें घेतलें नव्हतें, हेंहि न्यायबुद्धीनें नमूद केलें पाहिजे. पण अशाच शरीरावर अशीं द्रव्यें उलटतात. त्याच वर्षीं झालेल्या संशोधनसमीक्षेंत दिसलें कीं, लाभ म्हणजे महिन्याकांठीं सुमारें एक किलो अधिक वजन उतरणें, आणि तोटा म्हणजे छातींतील धडधड, मनोविकार वगैरे उपद्रवांचा संभव दुपटीहून अधिक. एप्रिल २००४ पासून हीं पूरकें बंद झालीं.

परंतु दार बंद होतांच खिडकी उघडली. १९४४ सालीं एली लिली या कंपनीनें डीएमएए नांवाच्या कृत्रिम द्रव्याचें पेटंट घेतलें होतें, आणि १९४८ मध्यें चोंदलेल्या नाकासाठीं हुंगावयाचें औषध म्हणून तें बाजारांत आणलें होतें. १९८३ सालीं तें औषध मागें घेण्यांत आलें. माहुआंगाच्या बंदीनंतर तेंच द्रव्य कसरतीच्या चूर्णांत अवतरलें, तें मात्र जिरेनियमच्या फुलझाडाचा नैसर्गिक अंश म्हणून! या दाव्याचा आधार १९९६ चा एक चिनी लेख होता. पुढील काटेकोर पृथक्करणांनीं त्यास दुजोरा दिला नाहीं. २०१० मध्यें खेळाडूंसाठीं तें निषिद्ध ठरलें, आणि त्याच वर्षीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांच्या तोंडावर आपल्याकडील कांहीं कुस्तीगीर व जलतरणपटु त्याच द्रव्यापायीं अडकले. एप्रिल २०१२ मध्यें लंडनच्या मॅरेथॉन शर्यतींत ३० वर्षांची एक धावपटु शेवटच्या टप्प्यांत कोसळून मरण पावली. तिनें घेतलेल्या पेयांत डीएमएए होतें, आणि मृत्यूस त्याचा हातभार लागला असावा, असें चौकशींत ठरलें. २०१५ सालीं आणखी एक कृत्रिम उत्तेजक, बाभळीच्या जातींतील एका अमेरिकन झुडुपाचें नांव मिरविणाऱ्या डब्यांत सांपडलें.

हा सारा क्रम पाहतां दोष झुडुपाचा नव्हे, हें उघड आहे. वैद्यानें रोग पाहून, मात्रा मोजून दिलेलें द्रव्य विक्रेत्यानें तरुणांस सरसकट दिलें, आणि 'वनस्पतिजन्य' या एका शब्दानें ग्राहकाची शंका झोंपविली. बचनाग आणि धोतरा हेहि वनस्पतिजन्यच आहेत, हें आपल्या आजीबाईस ठाऊक होतें. सुशिक्षितांस त्याचा विसर पडावा, हें नवल आहे. थकवा हा शरीराचा शत्रु नव्हे, पहारेकरी आहे. त्यास गुंगवून घरांत शिरणारा जोम पाहुणा म्हणून आला, तरी जातांना काय नेईल याचा भरंवसा नाहीं. घरांतील मुलगा असा डबा आणील, तेव्हां त्यास रागें भरण्यापेक्षां त्याच्यासह त्या डब्यावरील बारीक अक्षरें वाचावीं, आणि एकच प्रश्न विचारावा: हें बळ देतें, कीं आपलेंच बळ उसनें काढून आपल्याच हातीं ठेवतें?