खाते नसलेला जलचर

आम्ही कारखान्याच्या फाटकावर बोलणारी माणसे. प्राणिशास्त्र आम्ही कॉलेजात शिकलो नाही. कामावरून आल्यावर रात्री वाचले. म्हणूनच एका हौशी माणसाला सापडलेल्या प्राण्याची हकीकत सांगण्याचा आम्हांस थोडा हक्क आहे, असे समजतो.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मेझन क्रीक नावाचा भाग आहे. तेथे कोळशासाठी जमीन उघडी केली आणि कोळशावरची माती व दगड बाजूस टाकून मोठमोठे ढीग लागले. मालकाच्या हिशेबी तो कचरा. त्या कचऱ्यात लोहयुक्त गोटे होते. गोटा फुटला की आत सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा दिसे. १९५० नंतरच्या दशकात फ्रान्सिस टली या हौशी संग्राहकास असा एक ठसा मिळाला. तो त्याने शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये नेला, तर तेथल्या पंडितांनाही ओळखता येईना! १९६६ साली युजीन रिचर्डसन यांनी नामकरण केले : टलिमॉन्स्ट्रम, म्हणजे टलीचा राक्षस.

राक्षस कसला, बहुधा वीतभरही नाही. अंग लांबट, पुढे सोंडेसारखा अवयव, त्याच्या टोकाला दातेरी चिमटा. आणि डोळे आडव्या दांडीच्या दोन टोकांना! पुढे ठसे हजारोंनी मिळाले, तरी कोडे सुटले नाही. कोणी कृमी म्हटले, कोणी गोगलगाईच्या गोतात घातले. २०१६ साली एका गटाने सांगितले की, पूर्वी आतडे समजलेली रेघ ही पृष्ठरज्जू होय, सबब हा लँप्रेचा नातलग, कणाधारी. दुसऱ्या गटाने डोळ्यांतील रंगकणांचे दोन आकार पुराव्यादाखल पुढे केले. २०१७ साली उलट जबाब आला : गुंतागुंतीचे डोळे अष्टपादालाही असतात, शिवाय त्याच गोट्यांतील खात्रीच्या माशांत तो रज्जू टिकलेला दिसत नाही, मग येथेच कसा टिकला? हा सवाल आम्हांस बिनतोड वाटतो. २०२३ साली जपानी संशोधकांनी दीडशेहून अधिक ठशांचा उंचसखलपणा लेसरने मोजला. अंगावरचे खंड डोळ्यांच्याही पुढे गेलेले आढळले. कणाधाऱ्यांत असे नसते, म्हणून हा त्यांतला नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष.

आमच्या सभासदवहीत ज्याचे खाते ठरत नाही त्याच्यापुढे 'इतर' असे लिहितात, वर्गणी मात्र घेतात. टलीच्या राक्षसाचेही तसेच. १९८९ साली इलिनॉयने त्याला राज्याचा अधिकृत जीवाश्म केले. तो कोणाच्या कुळातला, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप नाही.