बुऱ्हाणपूरची थोरली लेक

मंडळी, बुऱ्हाणपूरचं नाव काढलं की पाहुणे दोनच गोष्टी विचारतात. मावा जिलेबी आणि मुमताज. आज मुमताजचंच सांगतो, पण ताजमहालाचं नाही. तिच्या मागे राहिलेल्या लेकरांचं.

१७ जून १६३१. शाहजहानचा मुक्काम दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात होता. चौदाव्या बाळंतपणात मुमताज इथेच गेली. १४ पैकी ७ मुलं जगली. थोरली जहाँआरा १७ वर्षांची, दारा १६, औरंगजेब १२, मुराद ६ आणि गौहरआरा तर नुकती जन्मलेली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात मुमताजला आधी दफन केलं. डिसेंबरात शुजा आईचं शव घेऊन आग्र्याला गेला.

बादशहा आठवडाभर लोकांसमोर आला नाही, दाढी पांढरी झाली, असं दरबारी इतिहासकार लिहून गेलेत. बापाचं दुःख लिहिलं गेलं, बांधलंही गेलं. जहाँआराच्या वाट्याला काय आलं? आईच्या संपत्तीतला निम्मा हिस्सा, जनान्याचा कारभार आणि धाकटी भावंडं. १६३३ मध्ये दाराचं लग्न तिनंच पार पाडलं. स्वतः जन्मभर अविवाहित राहिली. पुढे १६५८ मध्ये औरंगजेबानं बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं, तेव्हा तीच सोबत राहिली. १६६६ मध्ये त्याचे डोळे मिटेपर्यंत.

हे मला एवढं का लागतं, सांगतो. आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि अक्का सतरा. दादा मागावर जायचे, संध्याकाळी ओट्यावर बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. अक्कानं शाळा सोडली. आमच्या वेण्याफण्या, डबे, आजारपणं, सगळं तिनंच केलं. गल्लीतले म्हणायचे, "पोरगी किती समजूतदार!" आम्हालाही तेच वाटायचं.

काही वर्षांपूर्वी तिला घेऊन आहूखान्यात गेलो. जहाँआराची गोष्ट मी मोठ्या हौसेनं सांगितली. अक्का पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तिला कुणी विचारलं का रे, तू जेवलीस का म्हणून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीही तिला कधी विचारलं नव्हतं.

दादा वाईट नव्हते. त्यांना रडायला जागा नव्हती, इतकंच. त्या काळी बाप्यानं रडायचं नसतं. पण मोठी माणसं आतल्या आत मिटली की घरातलं थोरलं लेकरू न सांगता मोठं होतं, आणि आपण त्याचं कौतुक करून मोकळे होतो.

गेल्या वर्षी आमच्या हिचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी बघतो तर थोरली लेक गुपचूप कणीक मळतेय. तिच्या हातातली परात काढून घेतली. म्हटलं, "पोळ्या मी करतो, वाकड्या झाल्या तर होऊ देत. मलाही भीती वाटतेय गं. तू आधी इथे बस." मग ती रडली. मीही रडलो, हो.

पोळ्या खरंच वाकड्या झाल्या. रात्री अक्काला फोन लावला आणि पहिलंच विचारलं, "जेवलीस का?"

तुमच्याही घरात अशी एखादी थोरली असेल. आज तिला एवढं विचारा.