कार्ल्याचा सुतार आणि आमचा कटआऊट

विहाराच्या बांधकाम निधीसाठी कलापथकाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा स्टेजमागे लावायला आम्ही प्लायवूडचा स्तूप केला. वस्तीतल्या सुतारकाम करणाऱ्या बांधवांनी तो कापला, पोरांनी पॉलिश पेपरने घासला. महिला मंडळाने कडेने निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी असे धम्मध्वजाचे पट्टे रंगवले.

वाद झाला तो नावांवरून. कोणी म्हणाले, "मोठी देणगी देणाऱ्यांचीच नावं लिहा. बाकीच्यांनी नुसते हातच तर लावलेत!"

तेव्हा आम्हाला कार्ल्याचे लेणे आठवले. सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या त्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी आजही टिकून आहेत. तिथल्या शिलालेखांत श्रेष्ठी आहे, भिक्खू आहेत, यवनही आहेत. दरवाजाचे दान देणारा सिंहदत्त नावाचा धेनुकाकटचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा, आहे. आणि दरवाजाचे काम करणारा सुतार सामी, त्याचेही नाव तिथे कोरले आहे. देणारा आणि घडवणारा, दोघांनाही एकाच लेण्यात जागा!

मग काय, कटआऊटच्या पाठीवर सगळ्यांची नावे लिहिली. 5 रुपये देणाऱ्याचे, खिळे ठोकणाऱ्याचे, रात्री चहा करून देणाऱ्या माउलीचेही.

प्लायवूड म्हणजे कार्ल्याचा दगड नव्हे, पावसात फुगते. म्हणून ती नावे विहाराच्या वहीतही उतरवली. आपल्या आजा-पणज्यांनी किती भिंती उभारल्या, पण त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. निदान आपल्या विहारात तरी तसे होऊ नये.

जय भीम! नमो बुद्धाय!