उशाशी कोण आहे?

जर्मनीत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'मागेनश्पीगेलुंग' असं लिहून आलं, की समजायचं, पोटाची दुर्बिणीतून तपासणी. घरातलं मूल स्वमग्न असेल किंवा भावाला बोलता येत नसेल, तर चिठ्ठी वाचूनच धास्ती वाटते. या तपासणीचा इतिहास बराचसा याच देशात घडला. तो ऐकाच.

१८६८ साली फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाऊल यांनी एका माणसाच्या जठरात सरळ, कडक नळी घालून पाहिलं. तो माणूस होता तलवार गिळणारा खेळिया! गुंगीचं औषध नाही. मान मागे टाकून जो निश्चल राहील, त्याचीच तपासणी.

१९३२ मध्ये म्युनिकचे रुडॉल्फ शिंडलर यांनी बर्लिनच्या गेऑर्ग वोल्फ यांच्याकडून थोडी वाकणारी दुर्बीण बनवून घेतली. तपासणीच्या वेळी त्यांच्या पत्नी गाब्रिएले उशाशी बसून रुग्णाचं डोकं धरायच्या, धीर द्यायच्या. पुढे नाझींनी शिंडलर यांना अटक केली. १९३४ मध्ये ते शिकागोला गेले. त्याच राजवटीने १९३३ च्या कायद्याखाली सुमारे ४ लाख माणसांची सक्तीने नसबंदी केली. त्यांत मतिमंद ठरवलेले, मनोरुग्ण, फिट्स येणारे होते. त्यांची संमती कुणी विचारलीच नाही.

म्हणून आजचे नियम महत्त्वाचे. १९९२ पासून इथे 'बेट्रॉयुंग'चा कायदा आहे. मूल १८ वर्षांचं झालं, की आईवडिलांची सही आपोआप चालत नाही. त्याला स्वतःला निर्णय घेता येत नसेल, तर न्यायालय मदतनीस नेमतं. तो आईवडिलांपैकीही असू शकतो. हे काम तपासणीच्या बरंच आधी करून ठेवा.

आता गुंगी बहुधा प्रोपोफॉलने देतात. दुधासारखं पांढरं औषध; लवकर चढतं, लवकर उतरतं. पण श्वास मंदावू शकतो, आणि त्यावर उतारा नाही. म्हणून २००८ च्या जर्मन मार्गदर्शक सूचनांनुसार दुर्बीण घालणाऱ्याखेरीज एका प्रशिक्षित व्यक्तीने फक्त रुग्णावर लक्ष ठेवायचं. धोका जास्त असेल, तर भूलतज्ज्ञ बोलवायचा.

आधीच्या भेटीत फिट्सची औषधं, घोरणं, मानेचा त्रास, कशाची भीती वाटते, सगळं सांगा. सकाळची पहिली वेळ मागा. झोप लागेपर्यंत जवळ थांबू द्याल का, हेही विचारा. आणि एक प्रश्न विसरू नका: आमच्या माणसाच्या उशाशी कोण असेल?