पास्काची रात्र आणि पाणी

ईस्टर अर्थात पुनरुत्थानाचा सण हा ख्रिस्तसभेचा सर्वांत मोठा सण होय. तो सर्वांनी एकाच रविवारी साजरा करावा, असे इ. स. ३२५ मध्ये निकिया येथील धर्मपरिषदेने ठरविले. आपल्या गणनेनुसार हा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. नांदेड व लातूर जिल्ह्यांत हे दिवस विहिरी तळाला जाण्याचे आणि टँकरची वाट पाहण्याचे. म्हणूनच पास्काच्या जागरण विधीत पाणी आशीर्वादित केले जाते, तेव्हा मराठवाड्यातील भाविकाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही, असे आम्हांस वाटते.

हा विधी एके काळी शनिवारी सकाळीच आटोपला जात असे. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो प्रायोगिक स्वरूपात पुन्हा रात्री आणला व १९५६ पासून तो सर्वत्र रात्री होऊ लागला. प्रथम नवा अग्नी व पास्काची मेणबत्ती, मग जुन्या करारातील वाचने. त्यांतील तांबड्या समुद्रातून इस्राएली लोक पार झाले, हे वाचन कधीही गाळता येत नाही. प्रवचनानंतर पाणी आशीर्वादित होते. त्या रात्री कोणाचा स्नानसंस्कार नसला तरीही ते होते, कारण उपस्थित सर्वांनी आपल्या स्नानसंस्काराच्या वचनांची उजळणी करायची असते आणि मग तेच पाणी त्यांच्यावर शिंपडले जाते.

२०१६ साली ईस्टर २७ मार्चला होता. त्याच महिन्यात लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागू करण्यात आली होती. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. तिच्यात ५ लाख लिटर पाणी होते. पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांनाही घेता येईल, असा निर्णय त्याच वर्षीच्या जानेवारीत रोमहून आला होता. मात्र लातूरमध्ये त्या वर्षी पाय धुण्याचे तांब्याभर पाणीसुद्धा मोलाचे होते!

आपल्याकडे गावे दूर, रात्री परतायला एसटी नाही. त्यामुळे बरीच कुटुंबे रविवारी सकाळच्या मिस्सालाच येतात. त्यांना बोल लावता येणार नाही. घरी नवे कपडे, गोडधोड, मटण, मुलांसाठी रंगवलेली अंडी. पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, म्हणून ती ईस्टरला ताटात आली. हा आनंद योग्यच आहे. आमची सूचना एवढीच, की येताना एक लहान बाटली सोबत आणावी. रात्री आशीर्वादित केलेले पाणी सकाळीही उपलब्ध असते. ते घरी नेऊन कुटुंबप्रमुखाने प्रार्थना करावी आणि अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सर्वांच्या कपाळी लावावे. जे देवळात येऊ शकले नाहीत, त्यांच्यापर्यंत सण असाही पोहोचतो.

पास्काचा काळ पेन्टेकॉस्टपर्यंत ५० दिवस चालतो. पहिले आठ दिवस तर एकाच सणासारखे मानले जातात. घर आशीर्वादित करून घेण्यासही हाच काळ उत्तम. वाडी-तांड्यावरील कुटुंबांनी त्यासाठी आपल्या धर्मगुरूंशी बोलून आधीच दिवस ठरवून घ्यावा.